होडीचं स्टिअरिंग जड झालं, पण जड झालंय नेमकं काय?

भिगवणच्या एका मच्छीमार दादांचा प्रश्न आला आहे. त्यांनी दोन वर्षांपूर्वी रायगडच्या किनाऱ्यावरून १७ फुटी फायबरची जुनी होडी ट्रकवर घालून उजनी धरणावर आणली. मागे ४० घोड्यांचं आउटबोर्ड इंजिन. आधीच्या मालकाकडे ते हँडलवर चालायचं, यांनी चाक आणि केबल बसवून घेतली. पावसाळ्यात होडी काठावर झाकून ठेवली होती. दिवाळीच्या सुमारास काढली तर चाक दोन्ही हातांनी ओढावं लागत होतं. गावातल्या गॅरेजवाल्याने ग्रीस गन लावून भरपूर ग्रीस मारलं. त्यानंतर चाक एका बाजूला पूर्ण फिरतं, दुसऱ्या बाजूला अर्ध्यावर अडतं. शिवाय वेग घेतला की होडी उजवीकडे ओढते. आता हायड्रॉलिक स्टिअरिंग बसवावं का, असं ते विचारतात.

दादा, हायड्रॉलिकचं नंतर बोलू. तुमच्या प्रश्नात मला तीन वेगळे आजार दिसतात, चौथ्याची शंका आहे. सगळ्यांना आपण ‘स्टिअरिंग जड’ एवढंच म्हणतो, म्हणून उपाय चुकतो. मी पुण्यात धायरीला आउटबोर्डची कामं करतो, त्याआधीची काही वर्षं हर्णैला काढली. जड स्टिअरिंगच्या होड्यांमध्ये पार्ट खराब असण्यापेक्षा चुकीच्या जागी केलेला उपायच मला जास्त वेळा सापडला आहे.

पहिलं म्हणजे हे काम होईपर्यंत होडी पाण्यात नेऊ नका. उजनीचा फुगवटा किती रुंद आहे आणि दुपारनंतर वारा कसा उठतो हे तुम्हाला मी सांगायला नको. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या मधे वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा माणसं गेली. तिथे कारण वारा होतं, स्टिअरिंग नव्हे. पण असा वारा आला की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, लाटेला समोर ठेवावी लागते, आणि ते काम काही सेकंदांत करावं लागतं. अर्ध्यावर अडणारं चाक तेव्हा कामाचं नाही.

आता तपासणी. होडी काठावर, इंजिन बंद, खाली सोडलेलं. मागे जाऊन बघा: केबलचा चकचकीत स्टीलचा रॉड इंजिनच्या क्लॅम्पमधून, म्हणजे इंजिन होडीला धरून ठेवणाऱ्या पकडीतून, आडव्या जाणाऱ्या नळीतून बाहेर येतो. त्या रॉडच्या टोकाला एक वाकडी दांडी असते, ती इंजिनच्या पुढच्या हाताला जोडलेली असते. या दांडीला आम्ही लिंक म्हणतो, आडव्या नळीला टिल्ट ट्यूब. लिंकचा इंजिनकडचा बोल्ट सोडा आणि लिंक बाजूला करा. आता इंजिन आणि चाक यांचा एकमेकांशी संबंध उरला नाही.

इंजिन हाताने डावीकडे-उजवीकडे ढकलून बघा. ४० घोड्यांचं इंजिन एका हाताने, थोडा जोर लावून, सलग फिरलं पाहिजे. मग पुढे येऊन चाक फिरवा. लिंक सुटलेली असताना चाक दोन बोटांनी फिरायला हवं. यातलं जे जड लागेल तिथे आजार आहे. दोन्ही जड लागली तर दोन्हीकडे आहे, आणि समुद्रावरून आलेल्या होडीत तसं बऱ्याचदा असतं. ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि तिला एक पाना लागतो. ती न करता ग्रीस मारणं म्हणजे पोट दुखतंय की दात हे न विचारता गोळी देणं.

इंजिन जड असेल तर आधी माझी ती चौथी शंका तपासा. तुमचं इंजिन मुळात हँडलचं होतं. हँडलच्या इंजिनाला फिरण्यावर ताण ठेवणारा एक बोल्ट किंवा छोटा दांडा असतो, म्हणजे हात सोडला तरी इंजिन एकदम वळू नये. चाक बसवल्यावर हा ताण सैल करायचा असतो. केबल बसवून देणारे बरेच जण हे विसरतात. मग चाक फिरवणारा माणूस जन्मभर त्या ताणाविरुद्ध ओढत राहतो. क्लॅम्पच्या मधल्या उभ्या भागाजवळ तो शोधा आणि सैल करा. काढून फेकू नका, उद्या चाक तुटलं तर हँडलवर परत यायला तो लागेल.

त्यानंतरही इंजिन जड असेल तर उभ्या खुंट्यातलं, म्हणजे ज्यावर इंजिन वळतं तिथलं ग्रीस वाळलेलं आहे. वर-खाली बुश असतात आणि पुढच्या बाजूला ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं छोटं तोंड. निपल आधी पुसा, मग ग्रीस भरत राहा आणि कुणाला तरी इंजिन सावकाश डावीकडे-उजवीकडे फिरवायला सांगा. आधी काळं, घट्ट, कधी वाळूसारखं कचकचणारं ग्रीस बाहेर येईल. ताजं स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत थांबू नका. गन दाबूनही ग्रीस जात नसेल तर निपल बदला, चार पैशांची वस्तू आहे. भोकात घट्ट बूच बसलं असेल तर तारेने टोकरा, वंगण सोडणारं तेल आत सोडा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी इंच-इंच फिरवा. इंजिनाच्या हाताला लांब पाइप लावून झटका देऊ नका. क्लॅम्प ॲल्युमिनियमचा आहे, तडा जातो, आणि तडा गेलेला क्लॅम्प म्हणजे चालत्या होडीवरून इंजिन पाण्यात.

आता चाकाची बाजू, जिथे तुमचा खरा घोळ आहे. चाक एकीकडे पूर्ण, दुसरीकडे अर्ध्यावर. ग्रीस मारण्याआधी असं नव्हतं, नंतर झालं. याचा अर्थ जवळजवळ नक्की सांगता येतो: गॅरेजवाल्याने ग्रीस भरलं तेव्हा रॉड बाहेर आलेला होता. रॉड बाहेर असताना त्याच्या मागे नळीत पोकळी असते, ती सगळी ग्रीसने भरली. आता रॉड आत यायला लागला की त्या ग्रीसला जायला वाट नाही. ग्रीस दबत नाही, म्हणून रॉड तिथेच थांबतो. इंजिनांच्या पुस्तकात याबद्दल स्पष्ट सूचना असते: केबलला ग्रीस भरताना रॉड पूर्ण आत घ्या, मगच गन लावा. ही एक ओळ आपल्याकडे कुणी वाचत नाही. गॅरेजवाल्याचा हेतू चांगलाच होता. ट्रॅक्टरच्या निपलला असं काही पथ्य नसतं, आणि त्याचा हात ट्रॅक्टरवर बसलेला.

म्हणून आता आणखी जोर लावू नका. जोर लावलात तर हेल्म, म्हणजे चाकामागच्या डब्यातले दाते जातील किंवा केबलची आतली तार वाकेल. केबल बाहेर काढा. टिल्ट ट्यूबच्या तोंडाशी मोठा नट असतो, तो सोडला की रॉडसकट केबल मागे ओढता येते. सैल असेल तर हाताने येईल. अडली तर नळीच्या दोन्ही तोंडांतून तेल सोडा, थोडं आत, थोडं बाहेर असं हलवत राहा.

खाऱ्या पाण्यातल्या होडीत रॉड नळीला धरून बसलेला असू शकतो. अशा वेळी हातोडा सरळ रॉडच्या टोकावर मारला की टोक फुलतं आणि मग तो रॉड त्या नळीतून कधीच निघत नाही. लाकडाचा किंवा पितळेचा तुकडा मधे धरा. उष्णता द्यायची असेल तर गरम हवेची गन वापरा. त्याआधी पेट्रोलची टाकी आणि पाइप होडीतून पूर्ण बाहेर, दूर ठेवा. गॅसची ज्योत फायबरच्या होडीत नकोच. एवढं करूनही नाही निघाला तर रॉड कापून ठोकून काढायचा आणि गरज पडली तर टिल्ट ट्यूब बदलायची. बहुतेक इंजिनांची नळी वेगळी मिळते.

केबल निघाली की नळीतून उजेडाकडे बघा. आत तपकिरी थर दिसेल. रॉकेलमध्ये बुडवलेला गोल तारेचा ब्रश फिरवा. एका लाकडी काठीच्या टोकाला चीर पाडून त्यात बारीक पॉलिश पेपर अडकवा, काठी ड्रिलला लावा आणि हळू फिरवा. नळीचं आतलं माप बहुतेक ठिकाणी पाऊण इंचापेक्षा कमी, ५/८ इंच असतं, त्या बेताने काठी घ्या. गंज काढायचा, धातू खायचा नाही. मग कोरडं फडकं ओढा, परत बघा. नळी आतून एकसारखी चमकली पाहिजे. हे काम मी सगळ्यात जास्त वेळ देऊन करतो, कारण नवी केबल जुन्या घाणीत घातली तर सहा महिन्यांत तुम्ही परत इथेच.

काढलेल्या केबलचं काय करायचं ते तिच्याकडे बघून ठरवा. रॉडवर खड्डे पडले आहेत का? बाहेरच्या प्लास्टिकला तडे आहेत, कुठे फुगवटा आला आहे का? फुगवटा असेल तर आतली तार गंजून फुगली आहे. केबल जमिनीवर सरळ टाका आणि रॉड हाताने आतबाहेर करा, कचकच लागते का बघा. यातलं एक जरी ‘हो’ आलं तरी केबल बदला. केबलच्या आत तेल घालून ती बरी होत नाही. ती कारखान्यातून बंद होऊन येते, पाणी एकदा आत शिरलं की बाहेर काढण्याची सोय नसते. तेल ओतलं की दोन दिवस हलकी वाटते आणि माणूस बेसावध होतो. माझा ठाम सल्ला आहे की, दोन वर्षांपूर्वी केबल जुनी घेऊन बसवली असेल तर तपासत बसू नका, सरळ नवी घ्या.

नाना पेठेत गाडीचा कुठलाही पार्ट मिळतो, पण ही केबल तिथे शोधू नका, आणि कुणी रिक्षाची किंवा ट्रॅक्टरची केबल ‘जुळवून देतो’ म्हटलं तर नको म्हणा. त्या केबली ओढण्यासाठी असतात. ही ओढतेही आणि ढकलतेही, ढकलताना साधी तार आत वाकते. रॉड वेल्डिंग करून किंवा भोसरीला लेथवर नवा करून घेण्याच्या फंदातही पडू नका. भोसरीत हुशार कारागीर आहेत, पण रॉड आणि आतली तार यांचा जोड दाबून केलेला असतो. तो लेथवर होत नाही.

लांबी फुटांत मोजतात आणि ती बहुधा जुन्या केबलच्या अंगावर छापलेली असते. पुसली असेल तर असं मोजा: चाकाच्या मध्यापासून होडीच्या काठापर्यंत, काठाने मागच्या फळीच्या कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यापासून इंजिनाच्या मध्यापर्यंत. तिन्हींची बेरीज करा. प्रत्येक काटकोनी वळणाला ४ इंच वजा करा, टिल्ट ट्यूबसाठी ६ इंच मिळवा आणि पुढच्या पूर्ण फुटाला जा. तुमच्या चाकामागचा डबा लांबट, पट्टीसारखा असेल तर तो दातेरी पट्टीचा प्रकार आहे. त्यात पट्टी आणि केबल एकत्रच येते, तेव्हा त्याचा फोटो दुकानदाराला आधी दाखवा.

केबल कशी वळवली आहे ते बघा. जागा वाचवायला काटकोनात दाबलेली केबल नवी असूनही जड चालते. वळणाची त्रिज्या किमान आठ इंच ठेवा, आणि वळणं जितकी कमी तितकं चाक हलकं. इंजिन वर उचलून, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, केबल कुठे फळीला घासते का, ताणते का. जाळी ठेवायच्या खणातून केबल गेली असेल तर वाट बदला. ओल्या जाळ्याचं ओझं तिच्यावर रोज पडतं.

बसवताना रॉडला आणि नळीला मरीन ग्रीसचा पातळ हात द्या. पातळच. चेसिसचं साधं ग्रीस पाणी लागलं की साबणासारखं पांढरं होतं आणि उन्हाळ्यात धुळीबरोबर त्याचं लुकण होतं. उजनीला एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की काठचा वाळलेला गाळ वाऱ्याबरोबर सगळीकडे बसतो, तोच रॉडच्या ग्रीसला चिकटतो आणि नळीत जातो. म्हणून बाहेर आलेला रॉड आधी पुसायचा, मग आत घ्यायचा. नळीच्या तोंडाला रबरी सील आणि ग्रीस निपल असलेली टोपी मिळते, ती अवश्य लावा. यापुढे दर सहा महिन्यांनी किंवा शंभर तासांनी, रॉड पूर्ण आत घेऊन, दोन-चार दाब ग्रीस पुरे.

आता लिंक परत जोडायची आहे, आणि इथे मी तुम्हाला माझी चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी पानशेतच्या पाण्यावर एका होडीची केबल बदलली आणि लिंकचा जुनाच नायलॉनचा नट परत लावला. घट्ट बसला होता, चांगला वाटला. दुसऱ्या आठवड्यात वेगात असताना तो सुटला. इंजिन एकदम आडवं झालं, होडी जागच्या जागी गरकन फिरली आणि मागे बसलेला मुलगा पाण्यात फेकला गेला. चालवणाऱ्याच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी होती, तो खाली पडला तशी ती ओढली गेली आणि पंखा थांबला. मुलगा वाचला तो त्या दोरीमुळे. तेव्हापासून लिंकचे नट मी प्रत्येक वेळी नवे घालतो, अपवाद नाही. नायलॉन एकदा आट्यांवर चढून उतरलं की त्याची पकड गेली. साधा नट आणि स्प्रिंग वॉशर हा त्याला पर्याय नाही. स्टेनलेसचे नायलॉन नट रविवार पेठेत हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, माप बोल्टवरूनच घ्या. आणि ती लाल दोरी तुमच्या इंजिनाला असेल तर रोज मनगटाला बांधा.

तिसरा आजार, वेगात उजवीकडे ओढण्याचा. याचा ग्रीसशी संबंध नाही. पंखा मागून पाहिल्यावर उजवीकडे फिरतो, त्याच्या रेट्याने स्टिअरिंग उजवीकडे झुकतं. तो रेटा मोडायला पंख्याच्या वर, आडव्या पट्टीखाली एक छोटा पंख असतो, माशाच्या शेपटीसारखा. होडी उजवीकडे ओढत असेल तर त्याचा बोल्ट सैल करून मागचं टोक थोडं उजवीकडे करा, घट्ट करा, पाण्यात बघा. डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. एका वेळी थोडंच सरकवा. उलटं वाटतं, पण बरोबर आहे: पंखावर पाण्याचा दाब येतो आणि तो इंजिनाला विरुद्ध बाजूला ढकलतो. समुद्रावरून आलेल्या होडीत हा पंख बऱ्याचदा झिजून निम्मा झालेला असतो, कारण तोच गंज स्वतःवर घेणारा तुकडा असतो. झिजला असेल तर नवा लावा आणि त्याला रंग देऊ नका. पंख्यात जलपर्णीचे धागे किंवा जाळ्याची दोरी गुंतली आहे का तेही याच वेळी बघून घ्या. इंजिनाचा कोनही बघा. फार आत किंवा फार बाहेर असेल तरी ओढ वाढते.

आता तुमचा मूळ प्रश्न, हायड्रॉलिक बसवावं का. ४० घोड्यांना, १७ फुटी होडीला, उजनीच्या पाण्यात गरज नाही. ते किट केबलच्या कैक पटीने महाग पडतं, आणि खुंट्यातलं ग्रीस वाळलेलं असेल तर हायड्रॉलिक तो दोष लपवतं, बरा करत नाही. चाक हलकं लागेल आणि आतला बुश झिजत राहील. पैसे घालायचेच असतील तर केबलबरोबर हेल्मही असा घ्या, जो इंजिनाचा रेटा चाकापर्यंत येऊ देत नाही. त्यात आत क्लचसारखी रचना असते, हात सोडला तरी चाक जागेवर राहतं. जाळं ओढताना एकट्या माणसाला याचा मोठा आधार आहे. कडेपासून कडेपर्यंत तीन फेऱ्यांचे आणि सव्वाचार फेऱ्यांचे असे हेल्म येतात. जास्त फेरे म्हणजे चाक हलकं, पण वळण सावकाश. मी तुम्हाला तीन फेऱ्यांचाच सुचवेन. खडक किंवा बुडालेलं झाड समोर आलं की फेरे मोजायला वेळ नसतो.

इंजिन शंभर घोड्यांच्या पुढे गेलं किंवा दोन इंजिनं लावली, तर मात्र हायड्रॉलिकचा विचार जरूर करा. ज्यांच्याकडे ते आधीच आहे त्यांच्यासाठी एवढंच: चाक स्पंजासारखं लागत असेल तर आत हवा आहे, ती काढा. तेल कमी होत असेल तर सिलिंडरच्या सीलभोवती बोट फिरवून बघा. त्यात ब्रेक ऑइल चुकूनही घालू नका, सील फुगतात आणि सगळं किट जातं. ‘दोन्ही हायड्रॉलिकच ना’ असं म्हणून घातलेलं मी पाहिलं आहे.

पुढच्या पावसाळ्याची तयारी आत्ताच ठरवून ठेवा. कोकणात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि तिथले जाणते तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, त्या ६१ दिवसांत होडीकडे पाठ फिरवत नाहीत. होडी झाकण्याआधी रॉड पुसून, ग्रीसचा हात देऊन नळीत पूर्ण आत घ्या, म्हणजे उघडा राहणार नाही. मग दर आठवड्याला एकदा ताडपत्री उचलून चाक या कडेपासून त्या कडेपर्यंत दोनदा फिरवा आणि रॉड परत आत ठेवा. घरातल्या पोराला सांगितलं तरी करेल. तुमची होडी दिवाळीला जड निघाली ती चार महिने एकाच जागी थांबलेल्या रॉडमुळे, आणि त्याआधी नळीत बसलेल्या समुद्राच्या मिठामुळे.

लिंक सोडून केलेल्या तपासणीत काय निघालं ते कळवा: इंजिन जड, चाक जड, की दोन्ही. सोबत चाकामागच्या डब्याचा आणि केबलवर छापलेल्या आकड्यांचा फोटो द्या, म्हणजे कुठली केबल मागवायची ते सांगतो.